जिनिंगातल्या कॉलेजचे इंगोले सर

इंगोले सरांच्या पिंका मी सात वर्षं पुसल्या. मोठ्या वर्गाच्या खिडकीचा डावा कोपरा त्यांचा होता. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घालून खर्रा तळहातावर घोटायचा, चिमूट गालात धरायची, आणि बोलता बोलता मान वळवून त्याच कोपऱ्यात थुंकायचं. मी पोचारा मारला तरी डाग दोन दिवसांत पुन्हा वर येई. माणूस आठवायचा म्हटलं की लोकांना त्याचा चेहरा आठवतो. मला आधी तो कोपरा आठवतो, मग हात, मग आवाज. चेहरा सगळ्यात शेवटी येतो, आणि तो वाईट नव्हता हेच मला जास्त लागतं.

हे मी कोणाला वाचायला देणार नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही. कोणी काही विचारलं की उत्तर पोटातून निघतं, पण तोंडाशी यायला त्याला वेळ लागतो. तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो. चौथीनंतर शाळा सुटली तीसुद्धा अशीच. बापानं विचारलं, जातेस का, आणि मी उत्तर देईपर्यंत त्यानं मला शेतात निंदणाला लावून दिलं होतं. म्हणून लिहिते. वही रेखाची आहे, कॉलेजातल्या एका पोरीची. तिची मागची पानं कोरी होती.

आर्णीच्या वाटेवर एक जिनिंग होतं, कापसाची सरकी काढायचा कारखाना. तिथं मी कवडी निवडायला जायची, म्हणजे चांगल्या कापसातून डागाळलेला, किडका कापूस वेगळा काढायला. मग कापसाचे दिवस फिरले. गाड्या येईनाशा झाल्या, यंत्रं भंगारात गेली, आणि एका उन्हाळ्यात मालकानं त्याच शेडमध्ये विटांच्या भिंती घालून तीन खोल्या पाडल्या, दारावर पाटी लावली आणि डी.एड.चं कॉलेज काढलं. मालकाला आता सगळे अध्यक्ष म्हणू लागले. त्या वर्षांत सगळ्यांनाच पोरांना मास्तर करायचं होतं. शेतात आता काही राहिलं नाही हे घरोघरी ठरलं होतं. बारावी झालेला प्रत्येक पोरगा आणि पोरगी फाइल काखेत घेऊन फिरत होती. मला अध्यक्षांनी झाडू-पाण्याला आणि चहाला ठेवून घेतलं. छपराच्या लोखंडी कैच्यांना कापसाचं लिंट तसंच लटकत होतं. वारा सुटला की ते खाली येई आणि फळ्यावर चिकटे. फळा कोणी वापरत नव्हतं, त्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही.

इंगोले सर पहिल्या दिवसापासून तिथं होते. नावाला प्राचार्य दुसरेच कोणी होते, ते वर्षातून दोनदा येत. कॉलेज चालवायचे सर. बुटके, अंगानं भरलेले, पांढरा सदरा नेहमी कडक. खिशात एक खडू. त्याच्या बुडाला कागद गुंडाळलेला, सदरा खराब होऊ नये म्हणून. तो खडू सात वर्षांत किती झिजला असेल ते मी सांगू शकते, कारण दर आठवड्याला सदरा खुर्चीवर टाकून सर कॉलेजमागं घंगाळाशी हातपाय धुवायला बसत तेव्हा तो बाहेर ठेवलेला दिसायचा. बोटभर होता, बोटभरच राहिला.

प्रवेशाचे दिवस आले की सरांचं राज्य. टेबलाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला रांग. बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा, मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, शिक्षकाच्या कामाला शरीरानं धड असल्याचं डॉक्टरचं पत्र. अंगठा जिभेला लावून ते पान उलटत. खर्ऱ्यानं जीभ तपकिरी झालेली, त्यामुळे प्रत्येक पोराच्या गुणपत्रिकेचा खालचा कोपरा तपकिरी होऊन परत मिळे. पोरं तो कोपरा बाहेर जाऊन सदऱ्याला पुसत. कागद बरोबर असला की सर म्हणत, "झालं, समोर घ्या." म्हणजे पुढचा येऊ द्या. कागदात खोट निघाली तरी तेच, फक्त कागद परत सरकवून. "झालं, समोर घ्या." आनंद नाही, राग नाही.

एक म्हातारा बाप महागावकडच्या खेड्यातून तीन वेळा आला. पहिल्यांदा दाखल्याची दुसरी प्रत आणली म्हणून परत. दुसऱ्यांदा मूळ दाखला आणला तर त्यावर मुख्याध्यापकाचा शिक्का होता, सही नव्हती. तिसऱ्यांदा सगळं होतं, पण डॉक्टरचं पत्र जुनं झालं होतं.

"सर, पोरगा धडधाकट हाये," म्हातारा म्हणाला. "पाहा ना, उभा हाये तुमच्यासमोर."

"मी पोरगा नाही पाहत, बाबा. कागद पाहतो."

"मंग पोराले आणलं कायले मी एस.टी.नं?"

रांगेतले हसले. सरही हसले. पत्र नवीन आणायला लावलंच. मला वाटलं, असतील बुवा नियमाचे पक्के. मग कळलं की त्याच यादीत अशीही नावं होती ज्यांचा माणूस मी दोन वर्षांत पाहिला नाही. कोणी नागपुरात दुकानात कामाला, कोणी मुंबईकडे. त्यांची फाइल अध्यक्षांच्या खोलीतून येई आणि कधी अडत नसे. दरवाजाआड काय ठरायचं ते मला ठाऊक नाही, मी चहा ठेवून निघून यायची. पण हजेरीपटावर त्यांची हजेरी सर स्वतः भरत, आणि मध्ये मध्ये एखाद्याला आजारी पाडत. "सगळे रोज आले तर कोणाचा इस्वास बसते, मावशी?" असं एकदा मला म्हणाले, स्वतःवरच खूश होऊन.

आता तपासणीचं सांगते. मान्यता टिकायची तर बाहेरून समिती यायची. अमुक इतके शिक्षक पाहिजेत, ग्रंथालय पाहिजे, प्रयोगशाळा पाहिजे, पोरांना शिकवण्याचा सराव करायला शाळा पाहिजे. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. आदल्या दिवशी जीपनं पाच माणसं आली, तीच माणसं आठवडाभर वेगवेगळ्या कॉलेजांत वेगवेगळ्या विषयांची शिक्षक होत असत. त्यातला एक जेवताना सरांना विचारत होता, "इथं मी कोण, गणित का इंग्रजी?" कुठल्या तरी बंद पडलेल्या वाचनालयाची पुस्तकं पोत्यांतून आली. पण ग्रंथपाल म्हणून जी बाई यायची होती ती आलीच नाही. सरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली.

"मावशी, घरी पांढरं लुगडं आहे?"

मी मान हलवली.

"नेसून या. बोलायचं काही नाही. साहेबांनी पुस्तक मागितलं की काढून द्यायचं, बस."

मी घाबरून रडायच्या बेताला आले होते. सर खाली पोत्यावर बसले. मी त्यांना असं बसलेलं तोवर पाहिलं नव्हतं.

"तुम्ही जिनात काय करत होत्या?"

"कवडी निवडत होती जी."

"कशी निवडायच्या? सगळा ढीग एकदम पाहून?"

"नाही जी. चांगला इकडं, डागाचा तिकडं. मंग डागाच्यातही कमी डागाचा येगळा."

"हे पाहा, पुस्तकाचंही तसंच आहे." त्यांनी एका पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी दाखवली. "हा पहिला आकडा म्हणजे मोठा ढीग. त्याच्यामागचा आकडा म्हणजे ढिगातला ढीग. आता सांगा. लेकराच्या मनाबद्दलचं पुस्तक कोणत्या ढिगात असंल?"

मी चिठ्ठ्या पाहत राहिले. सर खर्रा घोटत होते, तो घोटायचा थांबले. माझ्याकडे पाहणंही त्यांनी सोडलं. खिडकीबाहेर पाहू लागले, मला संकोच होऊ नये म्हणून. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर एक गाडी येऊन गेली. मग मी एका पुस्तकावर बोट ठेवलं.

"बराबर," सर म्हणाले.

जन्मात मला त्याआधी कोणी इतका वेळ दिला नव्हता. अर्ध्या तासात ती दोन कपाटं मला कळली, खरंच कळली. दुसऱ्या दिवशी समितीतल्या बाईंनी बालमानसशास्त्राचं पुस्तक मागितलं आणि मी सरळ जाऊन काढून दिलं. बाईंनी वहीत काही तरी चांगलं लिहिलं. सरांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसलं ते खोटं नव्हतं. संध्याकाळी पुस्तकं पुन्हा पोत्यांत गेली.

म्हणून मला त्यांची किळस येते. ज्याला शिकवताच येत नाही त्यानं असं कॉलेज चालवलं तर मी चहा देऊन गप्प बसले असते. पण या माणसाला येत होतं. पूर्वी ते झरीकडच्या डोंगरातल्या एका शाळेत मास्तर होते म्हणे. पहिलीची पोरं फक्त कोलामी बोलायची, तर सरांनी आधी त्यांची बोली शिकून घेतली आणि मग त्यांना मराठी शिकवली. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. त्यांच्या भावानं एकदा कॉलेजात येऊन सांगितलं, तेव्हा सर म्हणाले, "जुन्या गोष्टी," आणि उठून कोपऱ्यात थुंकले.

सहाव्या वर्षी रेखा आली. काळी, उंच, दोन वेण्या, बोलणं तडतड. पंधरा कोसांवरच्या गावातून सकाळच्या एस.टी.नं यायची. वर्गात बहुतेक दिवस पाच-सहा पोरं, त्यात ही रोज. घरून तिला सांगितलेलं होतं की दोन वर्षांत पास झाली तर पुढं पाहू, नाही तर मुलगा पाहून ठेवला आहे. तरी तिला पास होण्याची घाई नव्हती. तिला पाठ द्यायचे होते. पास व्हायला वीस पाठ लागतात, म्हणजे खऱ्या वर्गासमोर उभं राहून वीस वेळा शिकवायचं, आणि सरांनी पाहून वहीत शेरा लिहायचा. आमच्याकडे वीस पाठ म्हणजे एका दुपारचं काम होतं. सर तारखा सांगत, पोरं लिहीत, एका खेड्यातल्या मुख्याध्यापकाचा शिक्का सरांच्या ड्रॉवरमध्येच असे.

"सर, माझे पाठ कधी?"

"लिहून घे. सही करतो."

"पण मले द्यायचे हायेत. दिलेच नाही तं शाळेत जाऊन शिकवीन कशी?"

"शाळा कुठं आहे आपल्याजवळ? भिंतीले दे."

पोरं हसली. मी कोपरा पुसत होते. रेखानं माझ्याकडे बोट केलं.

"भिंतीले काहून? या मावशीले देतो. मावशी, चौथी झाली ना तुमची?"

मी मान हलवली.

"मंग वर्ग चवथी."

सर म्हणाले, "झालं, समोर घ्या," आणि ती परवानगी समजून रेखा दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली.

दुपारी दोननंतर व्हरांड्यात. मी पोत्यावर बसायची, ती वर्गातून बाहेर आणलेल्या फळ्याशी. वहीत तिनं रीतसर लिहिलं: वर्ग चौथा, पटसंख्या एक. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "ओलं लुगडं दोरीवर टाकलं तं वाळते. मंग त्याच्यातलं पाणी कुठं जाते?" मला माहीत होतं. रोज धुणं वाळत घालणाऱ्या बाईला माहीत नसेल तर कोणाला? वर जाते, हवेत, दिसत नाही असं होऊन. शब्द जुळवत होते तेवढ्यात ती घाबरून स्वतःच म्हणाली, "हवेत जाते. वाफ होते." आणि पुढचं सांगू लागली.

खिडकीत कोणी तरी खाकरलं. सर होते. केव्हापासून उभे होते कोणाला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी रेखानं मला वही वाचून दाखवली. लाल शाईत होतं: "प्रश्न विचारल्यावर थांब. उत्तर तिच्या तोंडाशी आलं होतं, तू ते काढून घेतलंस."

त्या एका ओळीसाठी मी या माणसाला सगळं माफ करायला तयार झाले होते, हेही लिहून ठेवते.

असं वीस दिवस ते चाललं. रेखा विचारायची आणि थांबायची. पहिल्यांदा तिला ते जड जाई, ती ओढणीचं टोक पिळत बसे. मग शिकली. आणि मीही बोलू लागले. कोणाशी नाही, फक्त व्हरांड्यात, फक्त तिच्याशी. अपूर्णांक आले. नकाशात आपला जिल्हा ओळखता आला. एक धडा मी मोठ्यानं वाचला. सर रोज खिडकीशी येत. शेरे लिहीत. "फळा तिला दिसत नाही, बाजूला हो." "आज ती स्वतःहून बोलली. हे लक्षात ठेव." पाठ चालू असेपर्यंत ते त्या कोपऱ्यात थुंकत नसत. बाहेर कुंपणाशी जाऊन थुंकून येत. एकदा तर त्यांचा हात खिशातल्या खडूकडे गेलेला मी पाहिला. गेला आणि तसाच मागे आला.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. उंच, चष्मा, घाईत. टेबलावर पाठांच्या वह्यांची चळत. एक उघडायची, शिक्का पाहायचा, सही, बाजूला. सर पंख्याखाली त्यांच्या शेजारी बसून पानं उलटून देत होते, अंगठा जिभेला लावून. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी होते. पोरं भिंतीला लागून उभी. रेखाची वही आली तेव्हा परीक्षक थांबले.

"हे काय? पटसंख्या एक? सगळ्यांचे पाठ शाळेत बत्तीस मुलांसमोर आणि हिचे व्हरांड्यात एकासमोर? तारखाही जुळत नाहीत. शिक्का नाही. ही वही बनावट आहे का?"

बनावट नसलेली ती एकच वही होती.

"खरे दिले हायेत, सर," रेखा पुढे झाली. "वीसच्या वीस. इंगोले सरांनी पाह्यले. शेरे हायेत त्यायचे. आन या मावशीले इचारा. यायलेच शिकवलं."

परीक्षकांनी चष्मा वर केला. माझ्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं खरंच विचारलं.

"काय हो बाई? हिनं शिकवलं तुम्हाला? काय शिकवलं, सांगा बरं एखादं."

मला वाफ आठवली. लुगडं आठवलं. ट्रेमधले कप किणकिणत होते म्हणून मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. उत्तर निघालं होतं. छातीपर्यंत आलं होतं. त्या खोलीत रेखाशिवाय एकच माणूस होता ज्याला ठाऊक होतं की मला किती वेळ लागतो. वीस दिवस खिडकीत उभं राहून त्यानं तो वेळ पाहिला होता. रेखा माझ्याकडे बघत थांबली होती, जसं तिला शिकवलं होतं तशी.

सर हसले.

"तिले काय विचारता, साहेब. झाडूवाली बाई आहे, चौथी पास. ही कच्ची वही आहे, पोरीनं चुकून ठेवली. पक्की तासाभरात देतो. झालं, समोर घ्या."

परीक्षकांनी पुढची वही उघडली. मी चहा ठेवला. एक कपही सांडला नाही.

त्या तासाभरात काय झालं ते मी पाहिलं, कारण मला तिथंच पाणी भरायचं होतं. रेखा ऑफिसात बसून नव्या वहीत लिहीत होती आणि सर तारखा सांगत होते. जिल्हा परिषद शाळा, पटसंख्या बत्तीस. एका तारखेला तिची लेखणी थांबली.

"सर, त्या दिवशी तं पोळा होता. शाळा बंद असते."

"सगळ्यायचं तेच आहे. तुझंच वेगळं कायले?"

"पण पोळ्याले कोणतं लेकरू वर्गात बसते, सर?"

"साहेबांनी चाळीस वह्यांवर सही केली. त्यायले पोळा दिसला काय? लिही."

तिनं लिहिलं. बैल सजवून तोरणाखाली नेतात त्या दिवशी, तिनं बत्तीस लेकरांना परिमिती शिकवली. सरांनी ड्रॉवरमधून शिक्का काढला, दोनदा तोंडाची वाफ दिली आणि मारला. जुन्या वहीतले स्वतःचे लाल शेरे त्यांनी एकदा चाळले. मला वाटलं ते पान फाडतील. फाडलं नाही. वही नुसती टेबलाच्या कडेला सरकवली, त्या म्हाताऱ्या बापाचा दाखला सरकवला होता तशी.

जाताना रेखानं ती वही माझ्या हातात दिली. "मावशी, चुलीत घाला." डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी टेबल पुसत होते. सर सदऱ्याच्या बाह्या सरळ करत म्हणाले, "पोरगी पास झाली ना, मावशी? मंग?"

उत्तर त्यांना नको होतं, ते चप्पल घालत होते.

त्या "मंग"वर मी पुष्कळ विचार केला आहे. सर म्हणाले ते खोटं नाही. वही नापास झाली असती तर तिचं वर्ष गेलं असतं आणि घरच्यांनी पुढचं वर्ष दिलं नसतं. मी बोलले असते याचीही खात्री नाही. उत्तर छातीशी येऊन परत गेल्याची उदाहरणं माझ्याजवळ ढीगभर आहेत. पण ते बघायला फार तर चार श्वास लागले असते. तेवढे त्यांनी दिले नाहीत. पुस्तकांचे ढीग शिकवताना दिले होते, कारण तेव्हा समिती यायची होती.

पुढं डी.एड. झालेली पोरं गावोगावी रिकामी बसली. भरती बंद पडली. कॉलेजात प्रवेशाला रांग लागेना, मग पाटी उतरली आणि अध्यक्षांनी शेड खताच्या गोदामाला दिलं. रेखाचं लग्न बाभुळगावात झालं. नवरा चांगला आहे. मग सरकारनं नवीन काढलं की नुसती पदविका चालायची नाही, शिक्षक व्हायचं तर पात्रता परीक्षाही पास पाहिजे. रेखाचा फोन आला.

"मावशी, यवतमाळला क्लास लावला. पोराले दोन घंटे सांभाळसान काय? दूध पेते अजून."

मी गेले. बसस्टँडपासून जवळ, एका दुकानावरचा हॉल. जिन्यातच आवाज ऐकू आला आणि माझे पाय थांबले.

"सरच हायेत," रेखा म्हणाली. माझ्याकडे न पाहता. "सगळे यायच्याकडंच येतात, मावशी. यायचे प्रश्न परीक्षेत जसेच्या तसे येतात म्हणे."

दाराशी सर टेबल टाकून बसले होते. केस पांढरे झाले होते, सदरा तसाच कडक. रेखाची फाइल त्यांनी घेतली, अंगठा जिभेला लावला. बारावी, रहिवास, जात. मग पदविका, तिच्यावर कॉलेजचा शिक्का. तिथं हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग तिच्या कडेवरच्या पोराकडे, मग मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. ओळखलं. माझी खात्री आहे.

"कागद बराबर आहेत," ते म्हणाले. "झालं, समोर घ्या."

मी पोर घेऊन दाराबाहेर पायरीवर बसले. हॉल गच्च भरला होता. पोरं-पोरी मांडीला मांडी लावून बसली होती, लग्न झालेल्या, पोटुशी, केस पिकायला लागलेले सुद्धा. नव्या रंगाच्या भिंतीचा एक कोपरा आत्ताच तपकिरी झाला होता. आता कोण पुसतं कोण जाणे. सरांच्या गळ्यात माइक होता. फळा नव्हता, भिंतीवर यंत्रानं अक्षरं पाडली होती. खिशात खडू दिसला नाही.

"प्रश्न सत्तावीस," सर म्हणाले. "वर्गात प्रश्न विचारल्यानंतर शिक्षकाने काय करावे?"

रेखा तिसऱ्या ओळीत होती. तिनं मान वर केली. सरांकडे नाही, दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. तिला येत होतं. त्या सगळ्या हॉलमध्ये तिच्याइतकं ते कोणालाच येत नव्हतं.

"पर्याय क," सर म्हणाले. "थांबावे. झालं, समोर घ्या."